मिनिकॉयचं जहाज आणि निफाडची बाग : एका सहलीच्या आखणीचं प्रकरण

प्रकरण पाच जणांचं आहे. नाशिकच्या इंदिरानगरात राहणाऱ्या, भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या एक बाई. नोट प्रेसमधून निवृत्त झालेले त्यांचे यजमान, म्हणजे आमचे काका. निफाड तालुक्यात द्राक्षबाग असलेला बाईंचा धाकटा भाऊ, ज्याला सगळं गाव भाऊच म्हणतं. भाऊच्या घरच्या वहिनी, आणि नाशिकला आत्याकडे राहून कॉलेज करणारी त्यांची लेक. ठिकाण एकच, आणि त्यावर तडजोड नाही: लक्षद्वीपमधलं मिनिकॉय. मी सहली आखून देतो आणि एकेकाळी बाईंच्या वर्गात बसलेलो आहे, म्हणून काम माझ्याकडे आलं.

मिनिकॉयच का, हे आधी सांगायला हवं, कारण पुढचे सगळे पेच त्या हट्टातून आले. लक्षद्वीपच्या ३६ बेटांपैकी वस्ती १० बेटांवर. बाकीचा पुंजका वर आहे आणि मिनिकॉय त्याच्यापासून तुटून खाली एकटं. मध्ये सुमारे २०० किलोमीटर रुंदीचा नऊ अंश चॅनेल. खाली मालदीव आणि मिनिकॉय यांच्यामध्ये आठ अंश चॅनेल. स्पर्धा परीक्षेची पोरं हे दोन आकडे अजून घोकतात आणि अजून उलटसुलट करतात. बाईंनी हयातभर फळ्यावर भारताचा नकाशा काढला, आणि तो शेवटचा ठिपका त्या कधी विसरल्या नाहीत. तिथं १८८५ साली पेटलेलं दीपगृह आहे. ते रात्री चालू असताना खाली उभं राहून बघायचं, एवढीच त्यांची मागणी होती. ‘रात्री’ या एका अटीनं निम्मे पर्याय बाद केले.

भाऊला मिनिकॉय वेगळ्या वाटेनं ठाऊक होतं. केरळात मान्सून दाखल झाल्याचं जाहीर करण्यासाठी हवामान खातं ज्या १४ केंद्रांचा पाऊस मोजतं, त्यांत मिनिकॉय आहे. १० मेनंतर त्यांतल्या ६० टक्के केंद्रांवर सलग दोन दिवस २.५ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पाऊस झाला आणि वाऱ्याच्या व ढगांच्या अटी जुळल्या, की घोषणा होते. द्राक्षवाला माणूस ही बातमी घरच्या कार्याच्या मुहूर्तासारखी ऐकतो. त्यामुळे “ताई, ते पावसाचं बेट ना?” एवढं विचारून भाऊ तयार झाला.

सुरुवातीला सल्ल्यांचा पूर आला. २०२४ च्या जानेवारीत पंतप्रधान लक्षद्वीपला जाऊन आल्यापासून प्रत्येक घरात एक भाचा लक्षद्वीपचा जाणकार झालेला आहे. बहुतेकांचं म्हणणं एकच: कोचीहून विमानानं अगत्तीला जा, तिथून होडी करा. अगत्तीला विमान उतरतं हे खरं, पण साऱ्या लक्षद्वीपात विमानतळ तेवढा एकच आहे आणि तो वरच्या पुंजक्यात. तिथून मिनिकॉय म्हणजे मध्ये अख्खा नऊ अंश चॅनेल आला. ते अंतर होडी करून जायचं नसतं. नकाशा वाचणाऱ्या बाई घरात असल्यामुळे हा पर्याय चहा संपायच्या आत निकालात निघाला.

दुसरा पर्याय सरकारी जलसफरीचा. ‘समुद्रम’ नावाच्या सफरीत मोठं जहाज कवरत्ती, कल्पेनी आणि मिनिकॉय करतं. दिवसा बेटावर उतरवतात, रात्री झोपायला जहाजावर परत. सगळ्यात सोपा मार्ग हाच. परवाना, जेवण, फिरणं सगळं त्यात येतं आणि नवख्या माणसाला मी डोळे झाकून हाच सुचवतो. पण दीपगृह पेटायच्या वेळी आपण जहाजात. बाई म्हणाल्या, “म्हणजे वर्गात येऊन हजेरी लावायची आणि तास सुरू झाला की घरी जायचं.” बाद.

उरला तिसरा: साध्या प्रवासी जहाजानं जायचं, बेटावर मुक्काम करायचा, दुसऱ्या जहाजानं यायचं. कोची ते मिनिकॉय ३९८ किलोमीटर. वाटेत दुसरी बेटं घेत गेलं तर वेळ वाढतो. या मार्गातली मेख अशी की मुक्काम किती दिवसांचा हे आपण ठरवत नाही, दोन जहाजांमधलं अंतर ठरवतं. शिवाय ही जहाजं पर्यटकांसाठी नाहीतच. बेटावरचा विद्यार्थी, कोचीच्या दवाखान्यात निघालेला रुग्ण, दुकानदाराचा माल, हे त्यांचे खरे प्रवासी. वेळापत्रक फार आधी लागत नाही आणि लागल्यावरही हलतं. “चार दिवसांचं पॅकेज द्या” म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला हा मार्ग मी कधीच देणार नाही.

मार्ग ठरला तेव्हा तारखांचा प्रश्न समोर आला, आणि खरं प्रकरण इथून सुरू होतं.

समुद्राचं एक पंचांग आहे. मेच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत नैऋत्य मोसमी वारे असतात. मोठी जहाजं तेव्हा पूर्ण थांबत नाहीत, पण फेऱ्या कमी होतात आणि समुद्र अंगावर येतो. हौशी माणसानं तेव्हा जाऊ नये. ऑक्टोबर ते डिसेंबर चालतं, पण तो चक्रीवादळांचा हंगाम. २०१७ च्या नोव्हेंबरअखेर आलेल्या ओखीनं मिनिकॉयला झोडपलं होतं. उरतात जानेवारी ते एप्रिल. त्यातही फेब्रुवारी-मार्चमध्ये समुद्र सगळ्यात शहाण्यासारखा वागतो.

निफाडच्या बागेचं पंचांग नेमकं याच्या आड येतं. ऑक्टोबरच्या आगेमागे गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची. मग डावणी-भुरी या रोगांवरच्या फवारण्या, विरळणी, घडांची उस्तवार, जेव्हा मालक सकाळ-संध्याकाळ बागेत नसेल तर बाग त्याची राहत नाही. जानेवारीच्या अखेरीपासून खुडा, म्हणजे घडांची तोडणी सुरू, तो मार्चअखेर-एप्रिलपर्यंत. माल गेला की वेलींना दोन-तीन आठवडे विसावा, मग खरड छाटणी, आणि पुन्हा मालक बांधलेला. म्हणजे माल गेल्यानंतरची आणि खरड छाटणीच्या आधीची जी फट, तेवढीच भाऊची वर्षाची सुट्टी. समुद्र जेव्हा सगळ्यात शांत, तेव्हा झाडावर माल उभा.

दोन्ही पंचांगं एकावर एक ठेवली तर मार्चचा शेवट ते एप्रिलचा मध्य एवढी जागा मिळत होती. सगळे खूश झाले. बेटावर ज्यांच्याकडे उतरायचं होतं, त्या मिनिकॉयच्या यजमानांना मी फोन लावला तेव्हा तिसरं पंचांग पुढे आलं. त्या वर्षी रमजान मार्चमध्ये होता. मिनिकॉय मुस्लिम वस्तीचं बेट. रोज्याच्या महिन्यात दिवसा खाण्यापिण्याची सोय अवघड, आणि ईदच्या आधी-नंतर जहाजं घरी निघालेल्या बेटकऱ्यांनी भरलेली. तिथं आपण पाच बर्थ अडवून बसणं मला पटत नव्हतं आणि ते मिळालेही नसते. यजमान फार सभ्यपणे म्हणाले, “ईद झाल्यावर या, तुमचंही नीट होईल आणि आमचंही.” त्यात एक आठवडा गेला. राहिली एप्रिलची पहिली दोन-अडीच आठवड्यांची पट्टी. त्यावर विद्यापीठाच्या परीक्षेची टांगती तलवार, कारण लेकीच्या प्रात्यक्षिकाची तारीख अजून लागायची होती.

एवढी अरुंद पट्टी आणि पाच माणसं. अशा वेळी बहुतेक कुटुंबं ‘बघू, होईल काहीतरी’वर सोडतात, आणि शेवटच्या आठवड्यात एकाचं अडलं की सगळेच रद्द करतात. कारण एकाला मागे ठेवून जाणं वाईट दिसतं. माझ्या पाहण्यात दूरच्या सहली समुद्रात मोडत नाहीत, स्वयंपाकघरात मोडतात. शिवाय इथं आणखी एक अडचण होती. लक्षद्वीपचा प्रवेश परवाना माणसाच्या नावानं निघतो. १९६७ च्या नियमांनुसार बेटाबाहेरच्या भारतीयालाही तो लागतो. भाऊच्या जागी ऐनवेळी साडूला घालता येत नाही. म्हणून मी एक गोष्ट आग्रहानं करून घेतली: परवान्याचा अर्ज भरायच्या आधी गळतीचा क्रम ठरवायचा. कोण कशामुळे गळणार आणि तो गळल्यावर बाकीच्यांनी काय करायचं, हे वहीत लिहायचं, सगळ्यांच्या देखत.

ती बैठक निफाडला भाऊच्या ओट्यावर झाली. कोणालाच आवडली नाही. काका म्हणाले, “निघायच्या आधीच कोण मरणार ते विचारतोस.” तरी झाली. बाई गळल्या तर सहलच रद्द, यावर वाद नव्हता. लेकीची परीक्षा आडवी आली तर ती राहणार, बाकीचे जाणार. खुडा संपला नसेल तर भाऊ राहणार. इथं भाऊनं आशेनं वहिनींकडे पाहिलं. नवरा राहिला तर बायकोही राहील असं त्यानं गृहीत धरलेलं असावं. वहिनी म्हणाल्या, “बाग तुमची, तिकीट माझं.” मी ते वाक्य तसंच वहीत उतरवून घेतलं.

काकांचा मामला नाजूक होता. त्यांचे गुडघे दुखतात. मिनिकॉयला धक्का आहे, पण समुद्र उसळलेला असला की जहाज बाहेर थांबतं आणि त्याच्या दारातून हलत्या होडीत उतरावं लागतं. खलाशी धरतात, रोजचं काम आहे त्यांचं, पण पाय आपलाच टाकावा लागतो. भाऊनं लगेच परीक्षा घेतली. ट्रॅक्टरची ट्रॉली अंगणात आणली, शिडी न लावता काकांना चढ-उतर करायला लावली, आणि एक गडी ट्रॉली मुद्दाम हलवत राहिला. काका दोनदा उतरले, तिसऱ्यांदा म्हणाले, “आता पुरे, मी नोट प्रेसमध्ये होतो, नेव्हीत नव्हतो.” वहीत लिहिलं: काका कोचीपर्यंत नक्की. पुढचं कोचीला ठरेल, आणि ते थांबले तर त्यांच्यासाठी बाई थांबणार नाहीत. शेवटचं कलम काकांनी स्वतः घातलं.

कागदपत्रांबद्दल थोडक्यात. पोलिसांची चारित्र्य पडताळणी लागते, आणि घर एक असलं तरी हद्दी दोन होत्या. बाई-काका शहर आयुक्तालयात, भाऊचं कुटुंब नाशिक ग्रामीणमध्ये. लेक राहते शहरात, पण तिच्या आधारवर पत्ता गावचा, त्यामुळे तिचाही अर्ज ग्रामीणला. वहिनींच्या एका कागदावर माहेरचं नाव होतं, ते आधी दुरुस्त करून घेतलं. हे सगळं जानेवारीतच उरकलं. यजमानांची जबाबदारीची कागदं आली, अर्ज गेले, परवाने आले. यात सांगण्यासारखं नाट्य काही नाही, आणि नसणंच चांगलं.

प्रवासाचं म्हणाल तर नाशिकच्या ओझर विमानतळाहून कोचीला तेव्हा थेट विमान नव्हतं. नाशिकरोडहून मात्र एर्नाकुलमला सरळ गाडी जाते, आणि तिचं नाव मंगला लक्षद्वीप एक्सप्रेस. भाऊला हे इतकं आवडलं की बाकी चौकशी त्याला अनावश्यक वाटू लागली. गाडी कोकण रेल्वेनं जाते आणि लक्षद्वीपला अर्थातच पोचवत नाही. जहाज कोचीतल्या विलिंग्डन बेटावरून. जहाजाच्या आदल्या दिवशी कोचीत हजर असणं पुरेसं नाही, मी दोन रात्री धरतो. परतीला त्यांची गरज त्याहून जास्त, कारण येणारं जहाज उशिरा आलं तर आपल्याला काही करता येत नाही. परतीचं रेल्वे आरक्षण जहाजाच्या नियोजित तारखेनंतर दोन दिवसांनी घेतलं. खर्चाच्या यादीत सगळ्यात जास्त कुरबुर याच ओळीवर झाली: कोचीतल्या ‘रिकाम्या’ रात्री. जहाजाच्या तिकिटांवर कोणी काही बोललं नाही.

खाण्याचा प्रश्न मात्र मला रेल्वेपेक्षा मोठा वाटत होता. वहिनी माळकरी. मिनिकॉयचं सगळं जेवण ट्यूनाभोवती फिरतं. तिथले लोक जाळं न टाकता गळाच्या काठीनं एकेक ट्यूना ओढतात, आणि शिजवून, धुरी देऊन, वाळवून त्याचं ‘मास’ करतात. भाजीपाला जहाजानं येतो, म्हणजे जहाज लांबलं की भाजीही लांबते. यजमानीणबाईंशी आधी बोलून घेतलं. भात, नारळ, डाळ मिळेल आणि वेगळं भांडं देऊ, असं त्यांनी सांगितलं. वहिनींनी बाजरीचं पीठ, मेथकूट, शेंगदाण्याची चटणी आणि बागेतला बेदाणा बरोबर घेतला. औषधं दुप्पट दिवसांची. बेटावर सरकारी दवाखाना आहे, पण गंभीर रुग्णाला हेलिकॉप्टरनं हलवावं लागतं, म्हणून काकांच्या डॉक्टरांचं पत्र आणि बोट लागण्याच्या गोळ्या त्यांच्याच सल्ल्यानं. फोनचं टेन्शन आता कमी झालं आहे. २०२४ च्या जानेवारीत कोचीपासून समुद्राखालची केबल सुरू झाली.

मग जे व्हायचं ते झालं. मार्चच्या शेवटी भाव पडले आणि व्यापारी म्हणाला, चार दिवस थांबू. चाराचे आठ झाले. निघायच्या आठवड्यात भाऊच्या बागेत अर्धा माल उभा होता. भाऊचा फोन आला, “ताई, माल झाडावर सोडून मी पाण्यात कसा जाऊ?” दुसऱ्या एखाद्या घरात इथं रडारड, मग ‘आपण पुढच्या वर्षी सगळे मिळून जाऊ’ आणि विषय बंद झाला असता. इथं बाईंनी फक्त वही काढली. ओट्यावर ठरलेलं होतं, ओट्यावर सगळ्यांनी ऐकलेलं होतं. भाऊचं तिकीट रद्द केलं. वहिनींनी पिशव्या भरल्या. लेकीचं प्रात्यक्षिक सहलीनंतरच्या तारखेला लागलं, परतीचे राखीव दिवस धरूनही हातात दोन दिवस राहत होते.

कोचीला हवामान उत्तम निघालं. काका धक्क्यावर गेले, जहाजाकडे बघून आले आणि म्हणाले, जातो. मिनिकॉयला जहाज सरळ धक्क्याला लागलं, काका जिन्यानं चालत उतरले, आणि ट्रॉलीच्या परीक्षेचा फोनवरून भाऊजवळ यथेच्छ उद्धार केला.

बेटावरचं वर्णन हा या लेखाचा विषय नाही, पण आखणीशी संबंध असलेलं थोडं सांगतो. गावं तिथं स्वतंत्र आहेत, प्रत्येक गावाचं सामाईक घर वेगळं, आणि पाहुण्यानं कुठं जावं, कधी जावं हे यजमानाला विचारूनच करायचं. भाषा माहल, लिपी उजवीकडून डावीकडे. मल्याळम वाक्यं पाठ करून गेलेल्या लेकीचा हिरमोड झाला, पण बाईंनी एका पोरीकडून स्वतःचं नाव लिहून घेतलं. प्रवाळाचा एक तुकडा शाळेच्या संग्रहासाठी न्यावा असं बाईंच्या मनात होतं. लेकीनं अडवलं: वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत प्रवाळ येतात, मेलेला तुकडासुद्धा उचलायचा नाही. भूगोलाच्या बाईंना भाचीनं नियम सांगितला, ही बातमी निफाडला आमच्या आधी पोचली.

दीपगृह त्यांनी रोज रात्री पाहिलं. पहिल्या रात्री सगळे गेले, नंतर बाई एकट्या, यजमानांच्या मुलाला बरोबर घेऊन.

परतीचं जहाज एक दिवस उशिरा आलं, आणि समुद्रही तेव्हा तितका गरीब राहिला नव्हता. जहाज बाहेर थांबलं, होडीतून चढायचं होतं. खलाशांनी काकांना दोन्ही दंडांना धरून वर घेतलं. या वेळी ट्रॉलीच्या नावानं कोणी काही बोललं नाही. उशिराचा दिवस कोचीच्या राखीव रात्रींनी गिळला. गाडी ठरलेलीच मिळाली. लेक प्रात्यक्षिकाच्या आधी वेळेवर नाशिकरोडला उतरली. हातातले दोन दिवस तसेच उरले होते. त्या ‘रिकाम्या’ रात्रींवरची कुरबुर मला परत ऐकू आली नाही.

तपासून पाहण्यासारखी एक गोष्ट या प्रकरणात उरते: भाऊ. गळतीचा क्रम आधी ठरल्यामुळे सहल वाचली, पण ज्याला वर्षाची एकच फट आहे तो माणूसच गळला, आणि त्याच कारणानं तो दर वर्षी गळू शकतो. त्याच्यापुढे दोन वाटा आल्या. एक मी सांगितली, बाईंनी नाकारलेली जलसफर. तिचे दिवस आधी ठरतात, पण ते त्याच्या फटीत बसतीलच असं नाही. दुसरी वाट त्याला सटाण्याच्या साडूनं दाखवली. तिकडे बागलाणात अर्ली छाटणी घेतात, माल डिसेंबर-जानेवारीत निघतो, आणि समुद्र शांत असताना माणूस मोकळा. त्यात पावसात छाटणी करायची जोखीम आहे, ती भाऊला मंजूर नव्हती.

या हंगामात मात्र भाऊनं एका प्लॉटची छाटणी पंधरा दिवस अलीकडे घेतली आहे. कारण विचारलं तर तो लवकरच्या मालाचा भाव सांगतो. वहिनी परवा नाशिकला आल्या होत्या. पासपोर्ट आकाराचे फोटो परवान्याला किती लागतात, ते विचारून गेल्या, आणि या वेळी दोघांचे.